गिटार नवीन शिकताय? कॉर्ड पाठ करण्यापेक्षा कॉर्ड बदलायला शिका

गिटार शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते, कॉर्ड (एकत्र वाजवायचे काही सूर) येतात पण गाणं वाजत नाही. म्हणजे सी माहितीये, जी माहितीये, कुठलं बोट कुठे ते तोंडपाठ आहे, पण सी वरून जी वर जायचं म्हटलं की सगळं थांबतं, बोटं हवेत चाचपडत बसतात आणि तोवर गाणं पार पुढे निघून गेलेलं असतं. मग माणूस म्हणतो माझी बोटंच आखूड आहेत, मला हे जमणारच नाही. अहो जमतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे एका कॉर्डवरून दुसरीवर वेळेत पोचणं, आणि बहुतेक जण नेमका त्याचाच सराव करत नाहीत, नव्या नव्या कॉर्ड गोळा करत बसतात. त्याबद्दलच मला जास्त बोलायचंय, पण आधी तुमची गिटार तपासू, कारण गिटारच त्रास देत असेल तर पुढचं सगळं फुकट जातं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. माझ्या पहिल्या गिटारच्या तारा फार उंच होत्या, बाराव्या फ्रेटपाशी साडेतीन मिलिमीटरच्या वर अंतर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या लांब दांड्यावरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या), आणि मला वाटायचं सगळ्यांनाच एवढं दाबावं लागतं, सगळ्यांचीच बोटं अशी ठणकतात. चार महिने तसंच रेटलं, मग सोडून दिलं. पुढे कधीतरी घरी आलेल्या एका वाजवणाऱ्या मित्राने ती सहज हातात घेतली, दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाला यावर तू शिकत होतास? त्याने तारा सैल केल्या, ब्रिजवरची, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला जिथे अडकवतात तिथली, ती पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, बाहेर काढली आणि खालच्या बाजूने घासून बारीक केली. परत तारा चढवल्यावर, चार महिन्यांत एकदाही स्वच्छ न वाजलेली एफ कॉर्ड वाजली. सगळ्या तारा नाही, पण वाजली. बोटं तीच होती हो.

तर मोजून बघा. तार आणि फ्रेटबोर्ड यांच्यातल्या अंतराला अॅक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या, बारीक तारेपाशी दोनच्या आसपास असेल तर स्टीलच्या तारांची अॅकूस्टिक आरामात वाजते. तीनच्या वर गेलं की नवशिक्याला जड जातं. दुसरी जागा बघायची ती नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्या खाली किती फट उरते ते बघा, केसाएवढी असली पाहिजे, तिथे चांगली मोठी फट दिसली तर खाचा उथळ आहेत आणि पहिल्या फ्रेटवरची प्रत्येक कॉर्ड तुम्हाला उगीचच जड जाणार. हे काम जाणकाराकडून करून घ्या. सॅडल एक मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटवर अर्धाच मिलिमीटर कमी होतो, त्यामुळे अंदाजाने घासायचं नाही, आणि नटची खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तारच खरखरायला लागते. नेकच्या आतल्या ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या सळीला, तर सुरुवातीला हातच लावू नका.

तारा बारीक घेतल्या तरी बराच फरक पडतो. बऱ्याच अॅकूस्टिकवर बाराचा सेट असतो (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची), तिथे दहाचा किंवा अकराचा लावा. आवाज थोडा हलका होतो पण बोटं वाचतात. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना आणखी मऊ लागते, फक्त तिचा नेक रुंद असतो, नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर, तर स्टीलवालीचा ४३ च्या आसपास. एक मात्र कधीही करू नका, क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवू नका, नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीसेक किलो असतो आणि स्टीलचा सत्तरच्या वर जाऊ शकतो, ब्रिज उखडून येतो.

आता तारा जुळवणं. जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. क्रमांक मात्र उलटे, सगळ्यात बारीक ती पहिली आणि जाड ती सहावी, यात सगळ्यांचाच गोंधळ होतो. ट्यूनर (तारेचा सूर बरोबर आहे का ते दाखवणारं साधन) वापरा, गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा किंवा फोनवरचा, दोन्ही चालतात, पण रोज, प्रत्येक वेळी वाजवायच्या आधी. बेसूर गिटारवर बरोबर धरलेली कॉर्डसुद्धा चुकीची वाटते आणि मग तुम्ही बोटं हलवत बसता. सूर नेहमी खालून वर आणायचा, म्हणजे तार जास्त चढली असेल तर आधी चांगली उतरवायची आणि मग हळूहळू वर आणायची, नाहीतर खुंटीत ढिलेपणा राहतो आणि दोन स्ट्रोक मारले की परत उतरते. नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, त्या अजून ताणल्या जात असतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. महिनाभराने ट्यूनरशिवायची पद्धतही करून बघा, सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, तसंच एकेक करत खाली जायचं, फक्त तिसरीवरून दुसरी जुळवताना पाचवा नाही चौथा फ्रेट. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक लाट ऐकू येते, वॉव वॉव वॉव अशी, ती हळू हळू होत थांबली की जुळलं. कान तयार व्हायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

बसताना एकच सवय टाळा, फ्रेट दिसावेत म्हणून गिटार स्वतःकडे कलती करून मांडीवर आडवी घेणं. सगळे करतात. त्याने मनगट पार दुमडतं आणि बोटं तारांवर उभी पडतच नाहीत. गिटार सरळ उभी ठेवा, नेक किंचित वर, आणि बघायचंच असेल तर मान थोडी पुढे करून बघा.

दाबायचं कुठे? फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, तिच्या मागे, म्हणजे नटाकडच्या बाजूने. पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमधही नाही. हे आत्ता लगेच करून बघा, तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या मागे बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडा, टक असा मेलेला आवाज येईल. आता छेडत राहा आणि दाब अगदी थोडा थोडा वाढवत न्या. आधी खरखर येईल आणि मग एका क्षणी सूर एकदम मोकळा होईल. तिथे थांबा. एवढाच दाब लागतो, याच्यापेक्षा जास्त एक कणही नाही, आणि तुम्ही आत्तापर्यंत याच्या दुप्पट दाबत होतात. आता तेच बोट पट्टीपासून मागे सरकवा, तोच सूर परत खरखरायला लागेल आणि जास्त जोर मागेल. मी ज्यांना ज्यांना हे करायला सांगितलं त्यांचा हात पाच मिनिटांत सैल झालाय.

अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, टेकलेला, आवळलेला नाही. नखं डाव्या हाताची अगदी कापलेली पाहिजेत, जरा वाढली की बोट उभं राहतच नाही. (डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचा, आणि डावखुरी गिटार घ्यायची की नाही ते नुसतं हवेत गिटार वाजवल्यासारखं करून ठरवा, ठेका ज्या हाताने आपोआप धरला जातो तो स्ट्रमिंगचा, म्हणजे तारा छेडायचा हात.)

बोटांची टोकं दुखणारच. तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात आणि मग दुखत नाही. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका, कातडी मऊ झालेली असते, तारेने सोलली जाते. पण दुखणं टोकांपुरतंच पाहिजे. मनगट, अंगठ्याचा मूळ किंवा कोपरापर्यंत हात दुखत असेल तर थांबायचं, ते घट्ट्यांनी बरं होणारं दुखणं नाहीये, तिथे धरण्यात काहीतरी चुकतंय किंवा जोर जास्त लागतोय.

आता मुख्य मुद्दा.

सुरुवातीला दोनच कॉर्ड घ्या. ई मायनर आणि ए मायनर म्हणा, किंवा ए मायनर आणि सी. मी ए मायनर-सी सुचवतो कारण त्यातली गंमत बघण्यासारखी आहे. ए मायनरमध्ये पहिलं बोट (म्हणजे तर्जनी) दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्याला आणि अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला. सी मध्ये पहिलं बोट तिथेच, मधलं बोट तिथेच, फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते. म्हणजे तीन बोटांचा बदल नाहीच, एका बोटाचा आहे. पण नवशिका काय करतो, तिन्ही बोटं उचलतो, हात गिटारपासून लांब नेतो आणि परत शून्यापासून एकेक बोट शोधत बसतो. म्हणून कुठल्याही दोन कॉर्ड घेतल्या की आधी एक प्रश्न विचारायचा, यातलं कुठलं बोट हलत नाही? ते बोट चिकटवून ठेवायचं, बाकीची त्याच्याभोवती फिरतात.

अशा जोड्या खूप आहेत. जी कॉर्ड चार बोटांनी धरा (सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधलं, पाचवीवर दुसऱ्याला पहिलं, दुसरीवर तिसऱ्याला अनामिका, पहिलीवर तिसऱ्याला करंगळी), मग डी वर जाताना अनामिका जिथे आहे तिथेच राहते. ई मेजर आणि ए मायनर यांचा तर आकारच एक आहे, तिन्ही बोटं तशीच एकत्र एक तार खाली सरकतात. हे एकदा दिसलं की कॉर्डचे तक्ते पाठ करायची भीती निम्मी जाते.

जिथे एकही बोट सारखं नाही तिथे, म्हणजे साधी तीन बोटांची जी आणि सी वगैरे, वेगळा सराव लागतो. कॉर्ड धरा. आवाज तपासा. आता बोटं सैल करा पण तारांवरच टेकलेली ठेवा. मग आकार न मोडता तारांपासून अर्धा सेंटिमीटर वर उचला, फक्त अर्धा, आणि परत सगळी बोटं एकाच वेळी खाली ठेवा. दहा वेळा. आधी एकेक बोट ठक ठक ठक असं मागेपुढे पडेल, चालेल, पाच-सहा दिवसांत ती एकत्र पडायला लागतात. मग उचलायचं अंतर वाढवायचं, मग हात मांडीवर नेऊन परत आणायचा. हे कंटाळवाणं आहे खरं पण यातूनच बोटांना आकार लक्षात राहतो, डोक्याला नाही.

त्याच्यानंतर घड्याळ लावा. एक मिनिट, दोन कॉर्ड, प्रत्येक बदलाला एकच खालचा स्ट्रोक, किती बदल झाले ते मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ-दहा झाले तरी काही बिघडत नाही. तीसपर्यंत आलात की सावकाश गाणं धरता येतं, साठला पोचलात की त्या जोडीचा विचार करायची गरज नाही. रोज तीनच जोड्या, एकेक मिनिट, बस. आकडा वाढताना दिसला की परत गिटार उचलावीशी वाटते, हा त्या वहीचा खरा फायदा.

कॉर्ड स्वच्छ वाजत नसेल तर सगळं परत धरू नका, एकेक तार वेगळी छेडा आणि कुठली मेली ते शोधा. सी मध्ये बहुतेक वेळा पहिली तार मेलेली असते कारण पहिल्या बोटाचं पोट तिला टेकतं, किंवा चौथी, कारण अनामिका तिच्यावर रेलते. डी मध्ये अनामिका पहिल्या तारेला अडते. उपाय बहुतेक तोच, बोट आणखी उभं करायचं, शेवटचा सांधा वाकवायचा आणि कोपर किंचित शरीराकडे किंवा बाहेर हलवून बघायचं. कोपराचा फरक बोटापेक्षा जास्त पडतो हे लवकर कुणी सांगत नाही.

आता उजवा हात. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड फारशी कळत नाही, थांबलेला ठेका मात्र लगेच कळतो. म्हणून उजवा हात कधीच थांबवायचा नाही. डावा हात तारांवर नुसता सपाट टेकवा म्हणजे तारा बंद होतील, आणि उजवा हात खाली-वर खाली-वर झोक्यासारखा चालू करा, तोंडाने मोजा, एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आकड्यावर हात खाली, ‘आणि’वर वर. ठेका बदलतो म्हणजे हाताची हालचाल बदलत नाही, फक्त काही वेळा पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) तारांना लागतं आणि काही वेळा न लागता जातं. उदाहरणार्थ सगळ्यात जास्त वापरला जाणारा, खाली, खाली-वर, वर-खाली-वर. यात एकवर लागतो, दोनवर आणि त्याच्या ‘आणि’वर लागतो, तीनवर हात खाली जातो पण तारेला लागत नाही, आणि पुढच्या ‘आणि’पासून परत वर-खाली-वर. ती तीनवरची रिकामी फेरी खाल्ली, म्हणजे हात वरच थांबवला, की ठेका लंगडतो. बहुतेकांचं तिथेच अडतं.

पिक पातळ घ्या, ०.६ ते ०.७ मिलिमीटर, घट्ट मुठीत नाही, सुटणार नाही एवढंच धरा, टोक थोडंसंच बाहेर. वरच्या स्ट्रोकला सहाच्या सहा तारा वाजवायच्या नसतात, बारीक तीन-चार लागल्या की झालं.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं साधन) लावा ६० वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. खूप हळू वाटेल, हळूच पाहिजे. आणि कॉर्ड बदलायला वेळ पुरत नसेल तर एक युक्ती आहे, चारच्या ‘आणि’ला डावा हात आधीच उचला आणि तो शेवटचा वरचा स्ट्रोक मोकळ्या तारांवर जाऊ द्या. चांगले वाजवणारेसुद्धा हे करतात, ऐकायला वाईट लागत नाही, आणि बोटांना अर्धी मात्रा जास्त मिळते. नवी कॉर्ड पूर्ण बसली नसली तरी एकवर स्ट्रोक मारायचाच, जी बोटं पोचली ती पोचली.

एफ बद्दल सगळेच घाबरतात म्हणून थोडं. पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात, पण नीट बघा, पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी पुढे दाबलेलीच असते, त्यामुळे आडव्या बोटाला खरं काम सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारांचं. बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला थोडं कलतं करा म्हणजे हाडाची कड तारांवर येते, मऊ पेरांच्या खाचांत तारा शिरत नाहीत. जोर अंगठ्याने चिमटून काढू नका, हाताचं वजन मागे खेचून काढा. आणि सराव पहिल्या फ्रेटवर करूच नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए होतो. नटजवळ तार दाबायला सगळ्यात कडक लागते आणि फ्रेटही सगळ्यात रुंद असतात, दर फ्रेटला उरलेली लांबी साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी होत जाते, बाराव्यावर बरोबर निम्मी, म्हणून वर गेलं की बोटांना कमी ताणावं लागतं. पाचव्यावर जमलं की चौथा, मग तिसरा, असं आठवड्याला एक करत पहिल्यावर उतरा. तोवर गाण्यात एफ आली तर छोटी एफ वापरा, बारीक बाजूच्या चारच तारांची. याच कारणाने पहिल्या महिन्यात दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा) लावून सगळाच सराव केलात तरी चालेल, बोटांना बराच आराम पडतो.

वेळ किती द्यायचा, तर रोज वीस मिनिटं. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त लागू पडतं, बोटं झोपेतसुद्धा शिकत असतात असं मला खरंच वाटतं, आदल्या रात्री अडलेली जोडी सकाळी सुटलेली मी कितीदा बघितलीये. गिटार पिशवीत बंद करू नका, स्टँडवर डोळ्यासमोर ठेवा, फक्त उन्हात किंवा हीटरजवळ नको, लाकूड वाळलं की वाकतं आणि तडकतं. वीसमधली पाच मिनिटं बदल मोजण्यात, पाच बंद तारांवर ठेका, आणि उरलेली दहा गाणं, रोज गाणं पाहिजेच, नुसत्या व्यायामावर कुणी टिकत नाही.

गाणं असं निवडा ज्यात तीन किंवा चार कॉर्ड आहेत आणि जे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी गुणगुणता येतं. आधी प्रत्येक कॉर्डला एकच स्ट्रोक मारून पूर्ण गाणं शेवटपर्यंत न्या, गुणगुणत. मग दोन स्ट्रोक, मग चार, आणि ठेका सगळ्यात शेवटी. मूळ गाण्याबरोबर वाजवायचं तर फोनवर त्याचा वेग ०.७५ करून घ्या. मध्ये चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, हात चालू ठेवायचा, पुढच्या ‘एक’ला गाठायचं. चुकलेली जागा लक्षात ठेवा, गाणं संपलं की त्या दोन कॉर्ड तेवढ्या काढा, घड्याळ लावा आणि एक मिनिट फक्त त्यांचाच बदल करा.